अमेरिकेतील टीप : दान की देणे?

ह्यूस्टन शहरातील एका साध्याशा उपाहारगृहात रात्रीचे जेवण आटोपले आहे. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले इंदूरचे एक निवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी, मुलगी आणि जावई अशी चार माणसे टेबलाभोवती बसली आहेत, असे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. वाढणारी तरुणी बिल ठेवून जाते. जेवणाचे ६० डॉलर, त्यावर ४ डॉलर ९५ सेंट विक्रीकर. जावई खिशातून पेन काढतो आणि त्या कागदावरील एका मोकळ्या ओळीत आणखी १२ डॉलरचा आकडा मांडतो. सासऱ्यांची नजर त्या आकड्यावर खिळते आणि मनातल्या मनात डॉलरचे रुपये होऊ लागतात.

"अगं, बारा डॉलर? म्हणजे हजार रुपयांच्या वर झाले! एवढ्यात आपल्या सराफ्यात चौघांचे पोटभर खाणे होते."

"बाबा, ही बक्षिशी नव्हे. तिचा पगारच यातून निघतो."

मुलीचे हे उत्तर तसे चार शब्दांचेच. परंतु त्यात एका देशाचा अर्धा-अधिक इतिहास, तेथील मजुरीचा कायदा आणि प्रवाशाने पाळावयाचा शिष्टाचार, असे सारेच सामावलेले आहे. आज इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, पणजी येथील कितीतरी मराठी घरांतील वडीलधारी माणसे मुलानातवंडांना भेटण्यासाठी अमेरिकेस जातात. सामानात लोणची-मसाले किती न्यावेत, थंडीचे कपडे कोणते घ्यावेत, याची चर्चा महिना महिना चालते. परंतु टीप कोणाला, किती आणि कशी द्यावी, याविषयी मात्र कोणी काही सांगत नाही. मग तेथे गेल्यावर कधी नको तेथे पैसे पुढे केले जातात, तर कधी जेथे द्यावयास हवेत तेथेच हात आखडता घेतला जातो.

आपल्याकडील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. बडीशेपेच्या बशीत बिल येते, पैसे चुकते केल्यावर सुटी नाणी आणि एखादी नोट त्या बशीत तशीच ठेवून गिऱ्हाईक उठते. दिवाळीत पोस्टमन, रखवालदार, कचरा नेणारी बाई यांना पोस्त दिले जाते. घरी आनंदाची वार्ता आणणाऱ्याला खुशाली मिळते. या साऱ्या देण्यांमागील भाव एकच : काम करणाऱ्याला त्याचे वेतन दुसरीकडून मिळतेच, हे वरचे पैसे म्हणजे देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा. दिले तर चांगले, न दिले तरी अन्याय नाही. नेमका हाच समज बरोबर घेऊन आपला माणूस अमेरिकेत उतरतो आणि तेथेच त्याचा घोटाळा होतो.

हा घोटाळा समजण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा : २ डॉलर १३ सेंट. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यान्वये कामगाराला ताशी किमान ७ डॉलर २५ सेंट द्यावे लागतात. हा दर २००९ साली लागू झाला. परंतु ज्या कामगाराला नियमितपणे टीप मिळते, त्याला मालकाने स्वतःच्या तिजोरीतून ताशी केवळ २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात. उरलेला भाग गिऱ्हाइकांच्या टिपांतून भरून निघेल, असे कायदाच गृहीत धरतो. टेक्सस राज्यात हाच दर लागू आहे. याचा अर्थ असा, की आठवड्याचे ४० तास उभे राहून ताटे वाहणाऱ्या त्या तरुणीला मालकाकडून आठवड्याकाठी ८५ डॉलर २० सेंट एवढेच मिळू शकतात, आणि त्यातूनही कर कापले जातात. तिचे घरभाडे, तिच्या लेकराचे दूध, तिची औषधे ही सारी टेबलावर राहिलेल्या पैशांवर अवलंबून असतात.

टिपा पुरेशा न मिळाल्यास तूट मालकाने भरून द्यावी, असेही कायदा सांगतो. परंतु मालकाजवळ हिशेब मागणे हे ज्याची नोकरी त्याच्या मर्जीवर चालते त्याला सोपे नसते. शिवाय अनेक उपाहारगृहांत वाढणाऱ्याला आपल्या टिपांतील काही वाटा टेबले पुसणाऱ्याला आणि पेये करून देणाऱ्यालाही द्यावा लागतो. आणि कित्येक ठिकाणी हा वाटा मिळालेल्या टिपांवर न ठरता झालेल्या विक्रीवर ठरतो. अशा ठिकाणी एखादे कुटुंब टीप न ठेवता उठून गेले, तर त्या टेबलाची सेवा तिने पदरचे पैसे घालून केली, असाच त्याचा अर्थ होतो.

ही विलक्षण पद्धत निर्माण कशी झाली, हेही पाहण्याजोगे आहे. टीप देण्याची चाल मूळची युरोपातील सरदार-दरकदारांची. एकोणिसाव्या शतकात युरोपचा प्रवास करून परतलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी ती आपल्याबरोबर आणली. प्रारंभी तेथील सामान्य जनतेला ती मुळीच रुचली नाही. ज्या देशाने राजा आणि सरदार नाकारले, त्या देशात एका नागरिकाने दुसऱ्यासमोर हात पसरावा, ही गोष्ट अनेकांना लोकशाहीला कमीपणा आणणारी वाटली. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टीप देण्याघेण्यास कायद्याने बंदी केली, आणि आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. परंतु ही बंदी टिकली नाही. १९२६ पर्यंत असे सारे कायदे रद्द झाले.

बंदी न टिकण्यामागे एक कटू कारण होते. १८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलामगिरी नष्ट झाली आणि लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे स्वतंत्र, परंतु निर्धन अशा अवस्थेत कामाच्या शोधात निघाली. त्यांना नोकरीवर ठेवावे, परंतु वेतन नाममात्र द्यावे आणि उरलेले गिऱ्हाइकांच्या दयेवर सोडावे, ही युक्ती उपाहारगृहांच्या आणि रेल्वेच्या मालकांना फार सोयीची वाटली. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत हजारो कृष्णवर्णीय सेवक नेमले. बिछाने घालणे, बूट चकचकीत करणे, सामान वाहणे, रात्री-अपरात्री हाकेला धावणे ही त्यांची कामे. पगार तुटपुंजा, भिस्त टिपांवर. पुष्कळ प्रवासी तर त्यांना त्यांच्या नावाने न हाकारता मालकाच्या नावावरून सरसकट 'जॉर्ज' म्हणत. या सेवकांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभी केली. प्रवाशाच्या लहरीवर जगणे संपावे आणि श्रमाचा पुरता मोबदला पगारातूनच मिळावा, ही त्यांची मागणी होती. बारा वर्षे झगडल्यानंतर १९३७ साली कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. आपल्या गावगाड्यातही बलुतेदार वर्षभर राबत आणि सुगीच्या वेळी खळ्यावरील धान्यातून त्यांना बलुते मिळे. बलुते ही भीक नव्हती. तो केलेल्या कामाचा वाटा होता. परंतु त्याचे माप देणाऱ्याच्या हाती असे, आणि म्हणून हक्काची वस्तूही हात जोडून मागावी लागे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हेच दुःख होते. गावकीची कामे करणाऱ्याचा मोबदला निश्चित असावा, तो कोणाच्या मर्जीवर राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. रँडॉल्फ यांची संघटना आणि आंबेडकरांचे विधेयक, यांत सागराचे अंतर असले तरी काळाचे अंतर अवघ्या तीन वर्षांचे आहे. अमेरिकेतील टिपेला आपल्या भाषेत जवळचा शब्द शोधावयाचा झाल्यास तो 'बक्षिशी' हा नव्हे. तो 'बलुते' हाच होय.

अमेरिकेत किमान वेतनाचा राष्ट्रीय कायदा १९३८ साली झाला, परंतु उपाहारगृहांतील आणि हॉटेलांतील बहुतेक कामगार त्याच्या बाहेरच राहिले. १९६६ साली त्यांना कायद्याच्या कक्षेत घेण्यात आले, तेव्हा मालकांना अशी सवलत मिळाली की किमान वेतनाचा निम्मा भाग टिपांतून मिळाला असे मानता यावे. १९९१ साली किमान वेतन ४ डॉलर २५ सेंट झाले. त्याचे निम्मे म्हणजे २ डॉलर १३ सेंट. पुढे १९९६ च्या कायद्याने हा निम्म्याचा संबंधच तोडला. किमान वेतन पुढे वाढत गेले. २ डॉलर १३ सेंट मात्र जेथल्या तेथे गोठून राहिले. कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, मॉन्टाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टीप मिळो वा न मिळो, पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. इतर अनेक राज्यांनी मधला मार्ग स्वीकारून २ डॉलर १३ सेंटांहून अधिक परंतु पूर्ण वेतनाहून कमी असा दर ठरविला आहे. तथापि टीप देण्याची रीत मात्र साऱ्या देशात जवळजवळ सारखीच आहे.

आता व्यवहाराकडे वळावे. जेथे बसल्या जागी कोणी वाढते, अशा उपाहारगृहात बिलाच्या शेकडा १५ ते २० एवढी टीप देण्याचा प्रघात आहे. मोठ्या शहरांत १८ ते २० हीच सर्वसाधारण अपेक्षा असते. हा हिशेब कर धरण्यापूर्वीच्या रकमेवर करण्यास हरकत नाही. मनातल्या मनात आकडेमोड करण्याची एक सोपी रीत आहे : बिलाचा दहावा हिस्सा काढावा आणि तो दुप्पट करावा. ६० डॉलरचा दहावा हिस्सा ६, दुप्पट केल्यास १२. न्यूयॉर्क शहरात विक्रीकर शेकडा ८.८७५ आहे, तेथील लोक बिलावरील कराचा आकडाच दुप्पट करतात, म्हणजे शेकडा १८ च्या जवळपास रक्कम येते. जेथे पाहुणे स्वतःच ताट वाढून घेतात आणि सेवक केवळ पाणी देतो व ताटे उचलतो, तेथे शेकडा १० पुरेसे होतात. काउंटरवर उभे राहून घेतलेल्या खाण्याला टीप देण्याचे बंधन नाही.

टीप ठेवण्यापूर्वी बिल मात्र नीट वाचावे. सहा किंवा अधिक माणसे एकत्र जेवावयास गेल्यास अनेक उपाहारगृहे टीप आपण होऊनच बिलात मिळवतात. तेथे 'ग्रॅच्युइटी' असा शब्द छापलेला असतो. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारी ठोक रक्कम. तेथे बिलावरील ग्रॅच्युइटी म्हणजे टीपच. शब्दाचा हा अर्थ ठाऊक नसल्यामुळे एकाच जेवणाची टीप दोनदा देण्याचा प्रसंग येऊ शकतो. 'सर्व्हिस चार्ज' असे लिहिलेले असल्यास ती रक्कम वाढणाऱ्याला मिळते की नाही, हे सभ्यपणे विचारून घ्यावे. कारण ती कायद्याने टीप ठरत नाही आणि मालकाकडेही राहू शकते. भारतात २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात परस्पर मिळवता येत नाही, म्हणून काही मंडळी तेथेही हुज्जत घालू पाहतात. तेथे ती व्यर्थ होय.

कार्डाने पैसे देण्याची तेथील पद्धतही नवख्याला चकवते. कित्येक ठिकाणी सेवक कार्ड घेऊन जातो, ते यंत्राला लावतो आणि दोन कागद आणून देतो. त्यावर टिपेची आणि एकूण रकमेची जागा मोकळी असते. त्या जागा गिऱ्हाइकाने स्वतः भरून सही करावयाची आणि कागद टेबलावर ठेवून निघावयाचे. रोख टीप ठेवल्यास मोकळ्या जागेत रेघ मारून एकूण रक्कम स्पष्ट लिहावी.

उपाहारगृहाबाहेरही काही ठिकाणे ध्यानात ठेवावीत. टॅक्सीवाल्याला भाड्याच्या शेकडा १५ ते २०. केस कापणाऱ्यास तेवढेच. हॉटेलात सामान खोलीपर्यंत नेणाऱ्याला प्रत्येक नगामागे १ ते २ डॉलर, महागड्या हॉटेलात थोडे अधिक. खोली आवरणाऱ्या बाईला रात्रीमागे २ ते ५ डॉलर. आणि हे पैसे शेवटच्या दिवशी एकदम न ठेवता रोज ठेवावेत, कारण रोज तीच बाई येते असे नाही. सोबत 'थँक यू' लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे पैसे विसरून राहिले असा तिचा समज होत नाही. घरी जेवण आणून देणाऱ्यालाही टीप देतात. पावसापाण्यात, बर्फात आला असल्यास ती हात सैल सोडून द्यावी. सहल-कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी मार्गदर्शकाची आणि बसचालकाची टीप सहलीच्या पैशांत धरली आहे काय, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

विमानतळावरील चाकाच्या खुर्चीचा उल्लेख मुद्दाम करावयास हवा. गुडघ्यांचे दुखणे असलेली, किंवा इंग्रजीची आणि लांबलचक रांगांची धास्ती घेतलेली आपली पुष्कळ वडीलधारी मंडळी ही खुर्ची मागून घेतात. तिचे वेगळे शुल्क विमान कंपनी आकारत नाही, म्हणून ती सर्वस्वी फुकट आहे असा समज होतो. परंतु ती ढकलणारा माणूस मैलभराची वाट चालतो, सामान उतरवून देतो, अधिकाऱ्यांसमोर कागद पुढे करण्यास मदत करतो आणि नातेवाईक दिसेपर्यंत सोबत राहतो. त्याच्या हातावर पाचेक डॉलर ठेवणे हा साधा माणुसकीचा व्यवहार आहे. यासाठी निघतानाच १ आणि ५ डॉलरच्या काही नोटा वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात. पहिल्याच क्षणी शंभराची नोट काढून कोणाकडे सुटे मागत बसण्याची पाळी येत नाही.

कोणाला देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पोलीस, पारपत्र तपासणारे किंवा सुरक्षा तपासणी करणारे अधिकारी, सरकारी कचेरीतील कर्मचारी यांच्यापुढे चुकूनही पैसे करू नयेत. तेथे ती टीप न ठरता लाच ठरते, आणि लाच देऊ करणे हा गंभीर गुन्हा आहे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि विमानातील सेविका यांनाही टीप देण्याची रीत नाही. टपाल वाटणाऱ्याला रोख रक्कम घेण्याची मनाई आहे. २० डॉलरपर्यंतची लहानशी भेटवस्तू मात्र त्याला घेता येते.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. कॉफीचा एक पेला घेतला किंवा पावाची लादी विकत घेतली, तरी दुकानदार यंत्राचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवतो आणि त्यावर शेकडा १८, २०, २५ असे आकडे झळकू लागतात. पाहुणा गोंधळतो, मागे रांग उभी असते. या गोंधळात तो एकटा नाही. २०२३ साली प्यू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत शेकडा ७२ अमेरिकनांनी, पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता अधिक ठिकाणी टीप मागितली जाते, असे सांगितले. अशा वेळी एक साधी कसोटी लावावी : कोणी आपल्यासाठी ताटकळत उभे राहिले, वाहून आणले, वाकून उचलले काय? तसे असल्यास द्यावे. केवळ वस्तू हाती दिली असेल तर पडद्यावरील 'नको' हे बटण दाबण्यात कसलाही कमीपणा नाही.

सेवा वाईट झाली तर काय करावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पदार्थ उशिरा आला किंवा निवाला, तर दोष बहुधा स्वयंपाकघराचा असतो. त्याची शिक्षा वाढणाऱ्याला करणे न्याय्य नव्हे. खरोखरच उद्धटपणा झाला असेल तर व्यवस्थापकाला बोलावून शांतपणे सांगावे. टेबलावर चार नाणी भिरकावून जाणे हा तेथे उघड अपमान मानला जातो. त्यातून तक्रार तर कळत नाहीच, उलट गिऱ्हाईकच असंस्कृत ठरते.

हे सारे नियम अमेरिकेचे आहेत, जगाचे नव्हेत. जपानात टेबलावर पैसे ठेवून निघाल्यास सेवक ते परत देण्यासाठी मागे धावत येण्याचा संभव असतो. उत्तम सेवा हा तेथे कामाचाच भाग मानतात. फ्रान्समध्ये सेवेचे मोल पदार्थाच्या किमतीतच धरलेले असते. म्हणून ज्या देशी जावे, तेथील कामगाराचा पगार कोण देतो हे आधी विचारावे. मालक देत असेल तर टीप ही खुशाली. गिऱ्हाईक देत असेल तर ती मजुरी.

टीपपद्धती चांगली की वाईट, यावर अमेरिकेतही वाद चालूच आहे. काम करणाऱ्याचे पोट दुसऱ्याच्या लहरीवर असू नये, हे रँडॉल्फ यांचे म्हणणे आजही खोटे ठरलेले नाही. परंतु पद्धत चुकीची आहे म्हणून तिच्या तावडीत सापडलेल्या माणसाचे पैसे बुडवावेत, हा काही तिच्या सुधारणेचा मार्ग नव्हे. कायदा बदलणे तेथील नागरिकांच्या हाती आहे. त्या रात्रीची मजुरी चुकती करणे पाहुण्याच्या हाती आहे.

इंदूरच्या त्या निवृत्त शिक्षकांना हा हिशेब एकदा उमगला, की रुपयांतील गुणाकार आपोआप थांबेल. बिलावरचे ते बारा डॉलर मग त्यांना चैनीचे वाटणार नाहीत. बाहेर जेवावयाचे तर जेवणाबरोबर वाढणाऱ्या हातांचेही मोल आपणच द्यावयाचे आहे, एवढे गृहीत धरून ते घरून निघतील. आणि तेवढे झेपणार नसेल त्या दिवशी लेकीच्या हातचा वरणभात आनंदाने जेवतील.